आधी इसार, मग माइक

पत्र

ताई, बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. घराच्या माडीवर दोन खोल्या, वर पत्रे. गोंधळी, आराधी, वाघ्या-मुरळी, भजनी मंडळं, भीमगीतं गाणारी पोरं, सगळे माझ्याकडे येतात. पैसे द्यायची वेळ आली की "पुढच्या महिन्यात बघू" म्हणतात. शेजारच्या गावच्या एका आराधी मावशींची गाणी मी स्वतःच्या खर्चानं रेकॉर्ड करून माझ्या यूट्यूब चॅनेलवर टाकली. त्यातलं एक चांगलं चाललं. आता त्यांचा भाचा दारात येऊन भांडतो, की आमच्या मावशीच्या गळ्यावर तू पैसा कमावतोस. तेच गाणं कुणीतरी उचललं, खाली डीजेचा ठेका लावला, आणि कॉपीराइटचा दावा उलट माझ्याच चॅनेलवर आला. लाईटचा भरवसा नाही, उन्हाळ्यात तर रेकॉर्डिंगमध्ये सारखी घूं अशी घरघर येते. जो येतो त्याला ऑटोट्यून, म्हणजे सूर आपोआप सरळ करणारं यंत्र, पाहिजे. बायको म्हणते, खाली मोबाईल शॉपी टाका. खरंच स्टुडिओ बंद करू का?

— एक स्टुडिओवाला

उत्तर

भाऊ,

मोबाईल शॉपीचं शेवटी बोलू. आधी भाच्याचं बोलते, कारण पत्रात सगळ्यात जास्त राग तुम्हाला त्याचाच आलेला दिसतो, आणि माझ्या मते त्याचं म्हणणं बऱ्याच अंशी बरोबर आहे. दारात येऊन आरडाओरडा करणं चूक. पण विचारतोय ते त्यानं विचारायलाच हवं होतं.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा स्वतंत्र हक्क मानलेला आहे. गाणं सादर झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून तो ५० वर्षं चालतो. २०१२ च्या दुरुस्तीनं त्यात भर पडली: कलाकार म्हणून आपलं नाव लागावं असा आग्रह गायिका धरू शकते, आणि गाण्याची मोडतोड होऊन आपल्या नावाला बट्टा लागत असेल तर हरकतही घेऊ शकते. आराध्यांची गाणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, कर्ता कुणाला ठाऊक नाही, म्हणून शब्द आणि चाल सगळ्यांची. पण त्या दिवशी तुमच्या माडीवर त्या गळ्यातून जे गाणं निघालं, ते मावशींचं. "पारंपरिक आहे, कुणाचंच नाही" असं तुम्ही भाच्याला म्हणाला असाल तर तो चिडणारच.

तुमचाही हक्क आहे, तो सोडू नका. ज्यानं पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली, तो कायद्यानं ध्वनिमुद्रणाचा निर्माता. मावशींच्या बाबतीत खर्च तुमचा, पुढाकार तुमचा, म्हणून ते ध्वनिमुद्रण तुमचं, आणि प्रसिद्ध झाल्यावर तो हक्क ६० वर्षं चालतो. मात्र जे गिऱ्हाईक तासाचे पैसे मोजून स्वतःचं गाणं करून नेतं, तिथं निर्माता सहसा तेच असतं. माइक तुमचा होता एवढ्यावर ते गाणं तुमचं होत नाही. अशी काही गाणी तुमच्या चॅनेलवर असतील तर त्या माणसांना आजच फोन करा. परवानगी मिळाली तर लेखी घ्या, नाही मिळाली तर गाणं काढा.

मावशींनी तोंडी "हो, टाक की" म्हटलं असणार. आपल्याकडं एवढ्यावर सगळं चालतं, आणि गाणं चालत नाही तोवर कुणाचं काही बिघडतही नाही. पण हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कायद्याप्रमाणं तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. किती वर्षांसाठी ते लिहिलं नाही तर ५ वर्षं धरतात, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नाही तर भारतापुरता धरतात. तुमच्या हातात कागदच नाही, म्हणून भाच्यापुढं तुमची बाजू लंगडी, आणि यूट्यूबपुढंही.

हे सगळं वकिली वाटतं आणि लोककलावंतांच्या दुनियेत कुठं कागद काढायचे असं तुम्हाला वाटत असेल, तर जरा त्यांचीच रीत बघा. गोंधळी सुपारी घेतल्याशिवाय गोंधळ मांडत नाही. तारीख ठरते, इसार हातात पडतो, मग माणसं जमवायची. कार्यक्रम झाला की बिदागीची वाटणी होते. नाईकाचा म्हणजे मुख्य गोंधळ्याचा किती, मागं साथ धरणाऱ्या झीलकऱ्यांचा किती, संबळवाल्याचा किती हे आधीच बोललेलं असतं, आणि त्यात कुणी हयगय केली तर मेळा फुटतो. व्यवहाराच्या बाबतीत ही मंडळी तुमच्या-माझ्यापेक्षा चोख आहेत. स्टुडिओत आल्यावर मात्र काहीच बोली होत नाही, कारण तुम्हीच ती काढत नाही. तुम्हाला संकोच वाटतो. त्यांना वाटतं, भाऊ काही बोलत नाही म्हणजे घरचंच काम असेल. तुमच्या पत्रातली निम्मी गाऱ्हाणी मला या न काढलेल्या बोलीतून आलेली दिसतात.

तेव्हा एक पानाचा मजकूर मराठीत करून घ्या. कुठली गाणी, कधी गायली, कोण गायलं, कोण वाजवलं, कुठं टाकणार, किती वर्षांसाठी, आलेल्या पैशात कुणाचा किती वाटा, आणि कलाकाराच्या माघारी तो वाटा कुणाला. तालुक्याच्या वकिलाच्या डोळ्यांखालून एकदा घाला, म्हणजे तोच कागद वर्षानुवर्षं चालेल. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पूर्ण वाचून दाखवा, आणि वाचताना माइक चालू ठेवा. मावशी मधेच "म्हणजे काय रं?" विचारतील, तुम्ही समजावून सांगाल, ते सगळं रेकॉर्ड झालेलं असू द्या. अंगठा घेतला तर शेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, आणि त्यातला एक त्यांच्याकडचा असावा.

वाटा किती द्यायचा, तर माझं मत सरळ आहे. जिथं खर्च तुम्ही केला तिथं तो वळता झाल्यावर निम्मे-निम्मे, आणि खर्च किती धरला हे कागदावर आधीच लिहिलेलं. सहा महिन्यांनी हिशेब दाखवायचा. रक्कम शून्य असली तरी मोबाईलवर कमाईचं पान उघडून दाखवायचं. लोकांना वाटतं लाखभर लोकांनी बघितलं म्हणजे लाखभर रुपये आले. प्रत्यक्षात चॅनेलला १००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४००० तास पाहिलं जाणं, किंवा शॉर्ट्सचा त्याहून मोठा आकडा, एवढं जमल्याशिवाय जाहिरातीचा पैसाच सुरू होत नाही. स्पॉटिफायवर २०२४ पासून असं आहे, की गाणं मागच्या १२ महिन्यांत १००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याचे पैसे मिळत नाहीत. हे भाच्याला शेजारी बसवून दाखवा. मोबाईल वापरणारा पोरगा आहे, त्याला पटकन समजेल. पण एक सांभाळा: सही मावशींची आणि पैसाही मावशींच्याच खात्यात. भाचा मदतीला असावा, मालक म्हणून नको. आयुष्यभर देवीपुढं गायलेल्या बाईच्या नावावर गाण्याचे पैसे जमा होणं, मग ते दोनशे रुपये का असेनात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

नावाचंही तसंच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या जमवण्याचं जे काम उभं केलं, त्यातल्या लाखाहून जास्त ओव्यांचा साठा आज 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाकडे आहे, आणि तिथं ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. तुमच्याच जिल्ह्यातल्या माजलगावात १९९६ साली बायकांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या होत्या. आज त्या ऐकताना कोण गातंय हे कळतं, म्हणून त्या बायका आपल्याला माहीत आहेत. आता तुमच्या चॅनेलवर जाऊन बघा. किती गाण्यांखाली फक्त "मराठवाड्याचं सुपरहिट आराधी गाणं" एवढंच लिहिलंय? संबळ कुणी वाजवला, झील कुणी धरली? हे दुरुस्त करायला एक पैसा लागत नाही. शिवाय वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी अर्ज करताना कलेचे पुरावे जोडावे लागतात, आणि खेड्यातल्या कलाकारांकडं नेमके तेच नसतात. रेकॉर्डिंगची तारीख आणि नाव घालून तुमच्या लेटरहेडवर प्रत्येकाला एक दाखला देत जा. तुमच्यासाठी पाच मिनिटांचं काम आहे.

आता तो कॉपीराइटचा दावा. यूट्यूबची यंत्रणा आवाजाशी आवाज जुळवून बघते, खरा मालक कोण हे तिला कळत नाही. ज्यानं तुमचं रेकॉर्डिंग उचलून खाली ठेका घातला, त्यानं ते बहुधा एखाद्या वितरकामार्फत, म्हणजे गाणी ॲपांवर पोचवणाऱ्या कंपनीमार्फत, नोंदवलं, आणि ते जुळून दावा तुमच्यावर आला. घाबरून व्हिडिओ काढू नका. दाव्याला हरकत घ्या. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात, त्यानं उत्तर दिलं नाही तर दावा आपोआप सुटतो. त्यानं हरकत फेटाळली तर अपील करता येतं, त्यावर उत्तर द्यायला समोरच्याला ७ दिवसांची मुदत. मात्र अपिलाच्या आधी आपली बाजू नीट तपासा. अपिलानंतर समोरच्यानं व्हिडिओ काढायला लावला तर चॅनेलवर स्ट्राइक, म्हणजे नियमभंगाचा ठपका, बसू शकतो, आणि तीन स्ट्राइक झाले की चॅनेल जाऊ शकतं. तुमच्या बाजूनं दोन पुरावे भक्कम: मावशींचा कागद, जो आता करून घ्यायचाय, आणि त्या दिवसाचे मूळ ट्रॅक, म्हणजे मिक्स करण्याआधीचा सुटा आवाज, सुटा संबळ. उचलणाऱ्याकडं मिक्स झालेलं गाणं असतं, मूळ सुटे ट्रॅक नसतात. म्हणून ते पुसू नका. दोन हार्ड डिस्कवर ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. यापुढं प्रत्येक गाण्याला आयएसआरसी, म्हणजे रेकॉर्डिंगची ओळख सांगणारा क्रमांकही घ्या. बहुतेक वितरक तो स्वतःच देतात.

याच ओघात एक धोका सांगते, कारण तुमच्याकडं भीमगीतं गाणारी पोरं येतात. जुनं आणि सगळ्यांच्या तोंडी आहे म्हणून गाणं पारंपरिक होत नाही. नाथांचं भारूड कुणीही गावं. पण भीमगीतांचे कवी वामनदादा कर्डक २००४ साली गेले, आणि कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालतो, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ संपेपर्यंत आहे, मग तो आज कुणाकडं का असेना. गाण्याआधी पोरांना कवी विचारा. "लहानपणापासून ऐकतोय" हे उत्तर पुरेसं नाही.

उधारीचं लवकर आटपते, कारण उपाय तुम्हाला माहीत आहे आणि वर सांगूनही झालाय. तारीख लिहायची ती इसार हातात पडल्यावरच. निम्मी रक्कम आधी, उरलेली गाणं नेताना. पूर्ण पैसे येईपर्यंत ऐकायला द्यायचं ते मधे मधे तुमच्या स्टुडिओचं नाव पुकारणारं. भाऊबंद आले तरी हेच. एखाद्याला फुकट करून द्यावंसं वाटलं तर जरूर द्या, पण तसं तोंडावर सांगून द्या. तुम्हाला उधारी वाटते आणि त्याला भेट वाटते, तिथंच नाती बिघडतात. कामाचं वर्षही जरा आखून घ्या. जयंतीची गाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, देवीची नवरात्राच्या आधी. तुमच्या भागातली कित्येक गाणारी-वाजवणारी माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला कारखान्यावर जातात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. त्यांच्यासोबत करायचं मोठं काम हिवाळ्यात ठरवाल तर माणसंच मिळणार नाहीत, आणि मग "कलाकार वेळ पाळत नाहीत" असं वाटत राहील.

घरघरीचं कारण बहुतेक अर्थिंगमध्ये आहे. उन्हाळ्यातच जास्त येते म्हणताय, त्यावरून मला हे वाटतं. मराठवाड्याच्या उन्हात अर्थिंगचा खड्डा ठार कोरडा पडतो आणि तार जमिनीत असूनही उपयोगाची राहत नाही. मिस्त्रीला बोलावून खड्डा कोळसा-मीठ घालून नवा भरून घ्या आणि चैत्र-वैशाखात त्यात रोज पाणी ओता. तोवर लॉपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. आवाज गेला तर दोष वीजपुरवठ्याच्या बाजूला आहे हे नक्की. इन्व्हर्टर साधा स्क्वेअर वेव्हचा असेल तर साइन वेव्हचा घ्या. पहिला पैसा आला की तो नव्या माइकवर घालू नका, इथं घाला. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले असतील तर काढून टाका, त्यानं बाहेरचा ट्रॅक्टर थांबत नाही. जाड गोधड्या भिंतीपासून चार बोटं सोडून टांगल्या तर खोलीतला घुमारा तरी कमी होईल.

ऑटोट्यूनबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचंय, कारण तुमचा स्टुडिओ शहरातल्या स्टुडिओपेक्षा वेगळा ठरायचा असेल तर तो इथंच ठरेल. वाढदिवसाच्या, निवडणुकीच्या गाण्याला मागतील ते द्या. त्याचा दर लावा, पूर्ण घ्या, मनाला लावून घेऊ नका. पण गोंधळाला आणि आराध्यांच्या गाण्याला तो हात लावू नये. मावशी वरच्या पट्टीत हाक घालतात तेव्हा सूर खालून घसटत वर जातो आणि टेकण्याआधी थरथरतो. यंत्र त्या मधल्या जागेला चूक समजतं आणि सरळ करून टाकतं. मग जे उरतं ते कुणाच्याही गळ्याचं असू शकतं.

क्लिकचंही, म्हणजे हेडफोनमधल्या ठरलेल्या ठोक्यावर गाण्याचंही, तेच. तुम्ही पत्रात लिहिलं नाही, पण मला जवळजवळ खात्री आहे, की तुम्ही आधी संबळ वाजवून घेता, मग गायकाला हेडफोन लावून त्यावर गायला सांगता. गोंधळात लय एका जागी राहत नाही. आवाहनात एकेका ठाण्याच्या देवाला बोलावताना ती दबलेली असते, आख्यान रंगात आलं की चढते, आणि कधी चढवायची हे नाईक आणि संबळवाला एकमेकांकडं बघून ठरवतात. परभणीच्या राजारामबापू कदमांसारख्या गोंधळ्यांनी ज्या कलेला नाव मिळवून दिलं, ती ही एकमेकांकडं बघत चालणारी कला आहे. हेडफोनमध्ये बघायला समोर कुणी नसतं.

सगळ्यांना एकाच खोलीत बसवा. गायकाच्या तोंडासमोर एक दिशा पकडणारा साधा डायनॅमिक माइक लावा, आणि संबळवाल्याला गायकाच्या समोर, माइकच्या पाठीमागं बसवा. असा माइक पाठीमागचा आवाज सगळ्यात कमी घेतो. संबळ आटोक्यात राहतो आणि दोघांची नजरानजरही होते. संबळाच्या दोन्ही भांड्यांच्या वर हातभर अंतरावर दुसरा माइक, तुणतुण्याला जवळून तिसरा. झीलकरी दोन पावलं मागं, टाळ-झांज सगळ्यात लांब, कारण झांजेचा आवाज कुठंही ठेवली तरी सगळ्या माइकांत शिरतो. पातळी ठरवताना चढलेल्या लयीचा तुकडा वाजवून घ्या. आवाहनावर ठरवाल तर आख्यानात आवाज फाटेल. मग रेकॉर्डिंग चालू करा आणि मधे थांबवू नका. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. पावसाळी दिवस असेल तर वाद्यांची कातडी सैल पडते. मंडळी हलगी-डफ शेकायला जाळ मागतील. अंगणात त्याची सोय करा आणि तो वेळही दरात धरा. तुकड्या-तुकड्यानं जोडायला दोन दिवस लागतात, असं नीट बसवलेलं काम एका दुपारी होतं. तेव्हा हा नुसता हट्ट नाही, यात तुमचे पैसेही वाचतात.

आता मोबाईल शॉपी. वहिनी म्हणतात ते मला पटतं. स्टुडिओ बंद करा असं त्या म्हणत नाहीत, खाली दुकान टाका म्हणतात. माडी रिकामी करा असा अर्थ तुम्ही तुमच्या मनानं काढलात. घर स्टुडिओवर चालत नसेल तर दुकान टाका, खरोखर टाका. घरखर्च दुकानातून निघाला की पैशासाठी प्रत्येक गाण्याखाली ठेका घालायची वेळ येणार नाही, आणि उधारी मागणाऱ्याला नाही म्हणायची हिंमत येईल. माडीवरचं काम आठवड्यातले दोन दिवस ठेवा, इसार घेऊन, तारीख बांधून. दोन वर्षांनी जमाखर्च बघा आणि मग दिवस वाढवायचे की नाही ते ठरवा.

पण त्याआधी मावशींचं मिटवा. त्यांना बोलावू नका, तुम्ही त्यांच्या घरी जा, भाचा घरी असेल अशी वेळ बघून. आजवर त्या गाण्यावर आलेल्या पैशाचा हिशेब कागदावर मांडून न्या आणि त्यातला त्यांचा वाटा त्याच बैठकीत द्या. मागचा वाटा देताना खर्च वजा करत बसू नका. मग या गाण्याचा आणि पुढच्या गाण्यांचा कागद काढा. कोऱ्या कागदावर अंगठा घेऊ नका. मजकूर भरलेल्या दोन प्रती करा, आणि त्यातली एक त्यांच्या घरी ठेवून या.